घरची बियर विमानाने न्यायचीय? आधी बाटलीच्या आत काय चाललंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरी पेल एल (बियरचा एक प्रकार) बनवली, एअरलॉकमधले (आंबवायच्या भांड्याच्या झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी नळी) बुडबुडे थांबले म्हणून, बाटलीत गॅस धरण्यासाठी साखर घालून बाटल्यांत भरली, त्याला आज पाच दिवस झाले. दहा दिवसांनी फ्लाइट आहे, मधे एकदा विमान बदलायचंय, परदेशात बहिणीकडे बारा बाटल्या न्यायच्यात. काही बाटल्या विकतच्या बियरच्या धुऊन घेतलेल्या आहेत, काही तारेच्या पकडीचं झाकण असलेल्या. भीती अशी की सामान ठेवतात तिथे हवेचा दाब नसतो आणि वर गेल्यावर बाटल्या फुटतील, म्हणून निघायच्या आधी प्रत्येक झाकण जरासं उचकटून गॅस सोडून द्यावा का.

मी बरीच वर्षं घरी बियर बनवते आणि कुणाकडे जायचं असलं की दोनचार बाटल्या बॅगेत असतातच, त्यामुळे हा प्रश्न मला पुष्कळ जणांनी विचारलाय आणि जवळजवळ प्रत्येकाला भीती असते ती उंचीची. उंचीचं टेन्शन घेऊ नका. मला तुमच्या प्रश्नातली खटकलेली ओळ वेगळीच आहे, 'बुडबुडे थांबले म्हणून भरली'. हायड्रोमीटर (बियरची घनता मोजायचं तरंगतं साधन) लावून बघितलं असं कुठेच लिहिलेलं नाही. त्यावर सविस्तर येते, पण आधी उंचीचा विषय निकालात काढू.

प्रवासी जेट विमानात चेक-इन सामानाच्या भागातही केबिनइतकाच दाब असतो. विमान ३५-४० हजार फुटांवर असलं तरी आतला दाब साधारण ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात, काही नव्या विमानांत ६,००० फुटांवरचा. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार धरला तर ८,००० फुटांवर तो ०.७५ बारच्या आसपास येतो. म्हणजे बाटलीला बाहेरून जो रेटा मिळतो तो पाव बारने कमी होतो, बस एवढंच.

आता आतला दाब बघा. नेहमीच्या एलमध्ये २.५ व्हॉल्यूम कार्बोनेशन असतं, म्हणजे एक लिटर बियरमध्ये अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला. ही बाटली २० अंश सेल्सिअसला असेल तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १.९ बारने जास्त असतो. फ्रिजमधून काढलेली असेल तर पाऊण बार. आणि तीच बाटली ४० अंशापर्यंत तापली तर ३.४ बारच्या आसपास, कारण तापमान वाढलं की गॅस बियरमध्ये विरघळून राहत नाही, वरच्या मोकळ्या जागेत येतो. उंचीने वाढतो पाव बार आणि उन्हाने दीड बार. त्यामुळे बाटल्यांवर सगळ्यात जास्त ताण येतो तो जमिनीवरच, एअरपोर्टला जाताना गाडीच्या डिकीत बॅग दोन तास तापली तर, किंवा मधल्या स्टॉपला सामानाची ट्रॉली उन्हात उभी राहिली तर. ट्रॉली आपल्या हातात नाही. डिकी आहे, तेव्हा बॅग शेवटच्या क्षणापर्यंत घरात सावलीत ठेवा आणि गाडीत जमलं तर सीटवर घ्या, एसीत.

चांगली बियरची बाटली हा ताण सहन करते, तेवढी जाड काच असतेच. पण हे सगळं गणित २.५ व्हॉल्यूमचं आहे. तुमच्या बाटलीत नक्की किती व्हॉल्यूम आहे हे आत्ता तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, आणि खरी अडचण ती आहे.

एअरलॉकचे बुडबुडे हा आंबणं पूर्ण झाल्याचा पुरावा होत नाही. खोली गार पडली तरी बुडबुडे थांबतात, झाकणातून गॅस निसटत असला तरी थांबतात, यीस्ट दमून तळाशी बसलं तरी थांबतात आणि साखर मात्र तशीच शिल्लक असते. बाटलीत भरायच्या आधी दोनतीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरची दोन रीडिंग सारखी यायला हवीत, तेवढी एकच खूण मी मानते. का ते सांगते. ग्रॅव्हिटी म्हणजे हायड्रोमीटरवर दिसणारी घनता, साखर संपते तशी ती उतरते. ती एका पॉइंटने, म्हणजे ०.००१ ने उतरली की साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस तयार होतो. समजा तुमची बियर १.०१० ला थांबणार होती आणि तुम्ही १.०१४ ला भरली. चार पॉइंट म्हणजे दोन व्हॉल्यूम जास्तीचे, वरून तुम्ही घातलेल्या साखरेचे अडीच आहेतच, एकूण साडेचार. साध्या बियरच्या बाटलीत मी तीन व्हॉल्यूमच्या वर जात नाही, त्याच्या पुढे शॅम्पेनसारखी जाड बाटली लागते. साडेचार व्हॉल्यूमची साधी बाटली विमानात काय, घरातल्या कपाटातसुद्धा ठेवू नये.

आणि प्रवासात अजून एक गोष्ट होते जी लोक विसरतात. घरी यीस्ट तळाशी शांत बसलेलं असतं. बॅग दिवसभर हलली, त्यात ऊब मिळाली, की ते सगळं परत बियरमध्ये मिसळतं आणि साखर शिल्लक असेल तर पुन्हा कामाला लागतं. एका दिवसाच्या प्रवासात त्याने फार फरक पडणार नाही, पण नंतर त्या बाटल्या बहिणीच्या घरी आठवडाभर ओट्याखाली उभ्या राहणार आहेत, घरात कुणाला कल्पनाही नसणार, तेव्हा विचार फक्त फ्लाइटपुरता करून चालत नाही.

तर तुमच्या हातात दहा दिवस आहेत आणि ते पुरेसे आहेत. काय करायचं ते लिहिते.

आज रात्री एक बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि उद्या सिंकवर धरून उघडा. उघडताना बाटलीभोवती जाड टॉवेल असू दे, डोळ्यांवर चष्मा असू दे. झाकण निघाल्यावर काय होतं ते नीट बघा. हलकं फुस्स झालं, गळ्यात बारीक बुडबुडे जमले आणि फेस ग्लासात ओतल्यावरच आला, तर पाचव्या दिवसासाठी ते अगदी बरोबर आहे. फेस आपोआप गळ्यातून चढून बाहेर यायला लागला, थांबेचना, तर गॅस आत्ताच जास्त झालाय आणि अजून वाढणार आहे. दुसरी गोष्ट दिसली तर पुढची टेस्ट वगैरे सोडा, या बाटल्या प्रवासाला न्यायच्या नाहीत. सगळ्या लगेच गार करा, फ्रिजमध्ये यीस्ट थंडावतं आणि दाबही उतरतो, मग घरीच एकेक करून संपवा.

पहिली गोष्ट दिसली तरी त्याच बियरची एक टेस्ट करा. पाऊणएक पेला दोन ग्लासांत आलटून पालटून ओतत राहा, फेस यायचा बंद होईपर्यंत, कारण गॅस असताना हायड्रोमीटर बुडबुड्यांवर तरंगतो आणि रीडिंग चुकीचं देतो. बियर २० अंशाला आली की रीडिंग घ्या, लिहून ठेवा. मग ती बियर स्वच्छ बाटलीत ओतून त्यात बियरचंच ड्राय यीस्ट चांगली दोन चिमटी टाका, तोंडावर फॉइल सैलसर लावा आणि घरातल्या उबदार जागी, २५ अंशाच्या आसपास, तीन दिवस ठेवा, दिवसातून दोनतीनदा हलवा. तीन दिवसांनी परत गॅस काढून रीडिंग घ्या. ताजं यीस्ट आणि ऊब मिळाल्यावर जेवढी साखर खाण्यासारखी होती तेवढी खाल्ली जाते, म्हणजे बाटल्यांत अजून जास्तीत जास्त किती गॅस होऊ शकतो ते दोन रीडिंगच्या फरकातून कळतं. फरक एक पॉइंट असेल तर निश्चिंत राहा, ती तुम्हीच घातलेली साखर अजून थोडी संपायचीय. दोन पॉइंट असेल आणि उघडलेल्या बाटलीत गॅस कमी होता तरीही ठीक, दोन दिवसांनी अजून एक उघडून बघा. तीन किंवा जास्त असेल तर माझं उत्तर नाही असं आहे. बारा बाटल्यांचा मोह सोडा.

साखर किती घातली तेही तुम्ही लिहिलेलं नाही. लिटरला सहा-साडेसहा ग्रॅम साधी साखर असेल तर २.५ च्या आसपास येतं. दहा ग्रॅम घातली असेल तर बियर पूर्ण आंबलेली असूनही साडेतीन व्हॉल्यूमच्या आसपास जाईल. आणि साखर अख्ख्या भांड्यात एकसारखी मिसळली होती का की प्रत्येक बाटलीत चमच्याने घातली? चमच्याने घातली असेल तर प्रत्येक बाटली वेगळी, एका बाटलीवरून बाकीच्यांचा अंदाज बांधता येत नाही. यीस्ट कुठलं होतं तेही बघा. सेझन नावाच्या बियरची काही यीस्ट हळूहळू, महिनोनमहिने, अशी साखर खात राहतात जी साधं यीस्ट सोडून देतं. फळं घातलेल्या बियरलाही मी प्रवासाच्या आधी जास्त वेळ देते.

आता झाकण उचकटून गॅस सोडायचं. निघायच्या आधी काळजीपोटी हे करू नका. मोकळ्या जागेतला गॅस क्षणात निघून जातो खरा, पण बहुतेक गॅस बियरमध्येच विरघळलेला असतो, तो काही वेळात परत वर येऊन दाब जवळजवळ होता तिथेच नेतो. बियर चांगली असेल तर त्यातून मिळत काही नाही, उलट क्राउन झाकण, म्हणजे ओपनरने काढायचं दातेरी पत्र्याचं, एकदा वाकलं की पहिल्यासारखं बसत नाही आणि तेच मग बॅगेत गळतं. बियर जास्त गॅसची असेल तर पूर्ण गार करून अनेकदा गॅस सोडावा लागतो, दर वेळी नवीन झाकण लावावं लागतं, आणि इतकं करून ती बाटली मी तरी विमानात नेणार नाही. बाटल्या कमी भरून जागा ठेवायची किंवा काठोकाठ भरायची असंही काही लोक सुचवतात. काठोकाठ भरणं धोक्याचं आहे, बियर तापून फुगली की तिला जायला जागा राहत नाही. अडीच ते तीन सेंटीमीटर मोकळी जागा पुरते.

बाटल्यांबद्दल. ज्या बाटलीत मुळात गॅसवालं पेय विकलं जात होतं तीच वापरायची. तारेच्या झाकणाच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात, एक बियरसाठी बनवलेल्या आणि दुसऱ्या तेल, सरबत ठेवायला शोभेच्या, आणि दिसायला दोन्ही सारख्याच वाटतात. शोभेच्या बाटलीची काच दाबासाठी बनवलेलीच नसते. चौकोनी असेल तर विचारही करू नका, दाब कोपऱ्यांवर येतो. बियरसाठीची असेल तरी तार ही अशी गोष्ट आहे की बॅगेत धक्का बसला तर पकड उघडू शकते, म्हणून तार खाली दाबून त्यावरून गळ्याभोवती चिकटपट्टीचे दोन-तीन घट्ट वेढे द्या आणि रबरी वॉशर जुना, तडकलेला असेल तर ती बाटली घरीच राहू द्या. धुऊन घेतलेल्या बाटल्यांच्या तोंडावरून नख फिरवा, टवका अडकला की बाद. खांद्यावर घासून पांढरट कडं पडलेली, खूप वेळा वापरलेली बाटलीही मी प्रवासाला नेत नाही.

झाकणं तपासायला वेळ द्या, लोक इथेच घाई करतात. बाटली डोळ्यांच्या रेषेत धरून हळूहळू फिरवा. क्राउन झाकणाला २१ दाते असतात, ते सगळे गळ्याला सारखे चिकटलेले दिसले पाहिजेत. एका बाजूचे दाते बाहेर उघडलेले असतील तर झाकण तिरकं बसलंय. मग अंगठा आणि बोटाने झाकण पकडून फिरवून बघा, चांगलं बसलेलं झाकण हाताने गरगर फिरत नाही. शेवटी निघायच्या दोन दिवस आधी सगळ्या बाटल्या जुन्या वर्तमानपत्रावर रात्रभर आडव्या करा. सकाळी कागदावर ज्या झाकणाखाली डाग दिसेल ती बाटली काढून टाका. बॅग वाटेत आडवी, उभी, उलटी सगळी होते, त्यामुळे 'बाटल्या उभ्या ठेवल्यात' या भरवशावर राहू नका.

पुढच्या वेळी प्रवासासाठीच भरायची असेल तर पेट बाटलीचा विचार जरूर करा, म्हणजे सोड्याची येते तशी प्लास्टिकची. वजन अगदी किरकोळ, आपटली तर काचा होत नाहीत, नेहमीच्या बियरपेक्षा जास्त गॅस ती आरामात झेलते आणि हाताने दाबून बघितलं की आत किती गॅस झालाय ते कळतं. प्लास्टिकमधून हळूहळू हवा आत जाते म्हणून महिनोनमहिने ठेवायला ती चांगली नाही, काही आठवड्यांना काही होत नाही. पण आत्ता भरलेली बियर काचेतून पेटमध्ये ओतू नका, ओतताना हवा मिसळते आणि पोचेपर्यंत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव यायला लागते.

आता पॅकिंग. तुमच्या बियरने टेस्ट पास केलीय असं धरून चालते. एक बाटली घ्या, कोरडी पुसा. तिच्याभोवती लहान मुलांचा एक डायपर गुंडाळा, शोषणारी बाजू आत. हसू नका, बाटली गळली किंवा फुटली तर बरीचशी बियर तिथेच पकडली जाते. मग जाड, पारदर्शक झिप पिशवीत घाला, हवा दाबून काढा, झिप लावा, ती पिशवी अजून एका पिशवीत उलट्या बाजूने घाला म्हणजे दोन्ही झिपा एकाच टोकाला येणार नाहीत. त्यावर जाड मोजा, गळ्याकडून एक आणि बुडाकडून एक. गळा आणि बुडाची कड हे काचेचे नाजूक भाग, पोट तेवढं नाजूक नसतं, म्हणून दोन्ही टोकांना जास्त जाडी हवी. मग ती जीन्समध्ये किंवा टॉवेलमध्ये गुंडाळा. बॅग कडक कवचाची असेल तर उत्तम. तळाला कपड्यांचा थर, बाटल्या मधोमध, सगळ्या बाजूंनी सात-आठ सेंटीमीटर मऊ कपडे, आणि दोन बाटल्यांमधे काच काचेला कुठेही टेकता कामा नये. एकीचा गळा तर शेजारचीचं बूड असं आलटून पालटून ठेवलं की छान बसतात. बूट, चार्जर, स्टीलचा डबा शेजारी नको. बॅग बंद करून उचला आणि जोरात हलवा. आत काही सरकल्याचं जाणवलं किंवा किणकिण ऐकू आली तर उघडून परत भरा. हे मी आवाज पूर्ण बंद होईपर्यंत करते. 'नाजूक' असं स्टिकर लावायचं तर लावा, पण बॅग आपटली जाणारच असं धरूनच भरा.

वजनाचा हिशोब आधी करा. काचेची ५०० मिलीची भरलेली बाटली साधारण ८५० ते ९०० ग्रॅम होते, बारा म्हणजे दहा किलोच्या वर, शिवाय गुंडाळायचे कपडे. तुमची मर्यादा २३ किलोची असेल तर जवळजवळ अर्धी बॅग त्यातच गेली. दोघं जाणार असाल तर सहा-सहा वाटून घ्या, एक बॅग हरवली किंवा भिजली तरी सगळंच जात नाही. एकटे असाल तर मी म्हणेन आठच न्या.

सिक्युरिटीचं सांगते. केबिन बॅगेत बाटली नेता येणार नाही, २००६ पासून बहुतेक विमानतळांवर १०० मिलीच्या वरचं द्रव हातात चालत नाही, आणि जिथे नव्या मशीनमुळे हा नियम सैल झालाय तिथेही मधल्या विमानतळावर तो असू शकतो. तेव्हा चेक-इन. घातक सामानाच्या नियमांत २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयाला मर्यादाच नाही, २४ ते ७० टक्क्यांना माणशी पाच लिटर आणि मूळ विक्रीचं पॅकिंग लागतं, ७० च्या वर बंदी. बियर पहिल्या गटात आरामात बसते. एअरलाइनची स्वतःची अट वेगळी असू शकते, ती तिकिटासोबतच्या सामानाच्या नियमांत बघून घ्या. मिनी केग, म्हणजे बियरचं छोटं पिंप, नेत असाल तर त्याचे कार्बन डायऑक्साइडचे छोटे सिलिंडर घरीच ठेवा. आणि आपली बियर विमानात उघडून प्यायची नाही, बहुतेक ठिकाणी ते नियमाविरुद्ध आहे.

चेक-इन बॅग तुमच्या मागे उघडली जाऊ शकते आणि परत भरणारा माणूस तुमच्याइतक्या मायेने भरणार नाही. म्हणून पारदर्शक पिशव्या, आणि पार्सलसारखं टेपने जाम गुंडाळू नका, काय आहे ते बघायला त्यांना कापावंच लागेल. जुनं लेबल आणि छापील झाकण दोन्ही नकोत, दुसऱ्या कंपनीच्या नावाखाली गाळ असलेलं पिवळट पाणी बघून कुणालाही शंका येईल. स्वतःचं साधं लेबल लावा, इंग्रजीत: घरी बनवलेली बियर, प्रकार, अल्कोहोल किती टक्के, किती मिली, भरल्याची तारीख, विक्रीसाठी नाही. बॅगेत सगळ्यात वर तेच लिहिलेली एक चिठ्ठी ठेवा.

कस्टम्सचं मात्र सगळं कुठे जाताय त्यावर आहे आणि तुम्ही देश लिहिलेला नाही. फरक किती असतो ते कळावं म्हणून सांगते: युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येताना १६ लिटर बियर ड्यूटी न भरता चालते, ऑस्ट्रेलियात सगळी दारू मिळून २.२५ लिटर, अमेरिकेत साधारण एक लिटर. तुमच्या बारा बाटल्या ५०० मिलीच्या असतील तर सहा लिटर, म्हणजे एका ठिकाणी बिनधास्त आणि दुसऱ्या ठिकाणी मर्यादेच्या कितीतरी बाहेर. घरची असली तरी ती दारूच धरतात, बिल नाही म्हणून सुटका नाही. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर स्वतःहून सांगा, बऱ्याच ठिकाणी ड्यूटी भरून सोडतात, लपवलं तर दंड होतो. काही देशांत दारू आणायलाच बंदी आहे. मधला स्टॉप अशा देशात असेल आणि तिथे बॅग ताब्यात घेऊन परत चेक-इन करायची असेल तर या वेळी बियर नेऊच नका. बुकिंगवर बॅग थेट शेवटपर्यंत जाते का ते आधी विचारा.

एक गोष्ट नुकसानभरपाईची. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार बॅगेतल्या वस्तूच्या अंगच्या दोषामुळे नुकसान झालं तर एअरलाइन जबाबदार नसते, त्यामुळे फुटलेल्या बाटलीचे पैसे मिळतील या आशेवर राहू नका. आणि बियर फक्त आपल्याच बॅगेत राहत नाही, शेजारची बॅग कुणाच्या तरी लग्नाच्या कपड्यांची असू शकते. डबल पिशव्या आणि डायपर यांचा आग्रह मी त्यासाठीच धरते.

पोचल्यावर बॅगेला वास येतोय का, कुठे ओलं लागतंय का ते आधी बघा आणि तसं असेल तर हात थेट आत घालू नका, काचा असतील. सगळं ठीक असेल तर बाटल्या बाहेर काढून उभ्या करा आणि निदान दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्याच राहू द्या. प्रवासात गाळ सगळा मिसळलेला असतो, लगेच उघडली तर गढूळ तर लागेलच, शिवाय गाळाच्या कणांवर गॅस भराभर सुटतो आणि चांगली बियरही फसफसून बाहेर येते, मग बहिणीला वाटेल बिघडलीय. दोन दिवसांनी न हलवता उघडा, एका दमात ग्लासात ओता आणि शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या. फ्रिजमध्ये जागा नसेल तर घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, ओट्याखाली शेगडीजवळ नको, आणि बहिणीला सांगून ठेवा की या लवकर संपवायच्यात.

उद्या बाटली उघडली की फेस कसा होता ते, पहिलं रीडिंग, लिटरला किती साखर घातली आणि यीस्ट कुठलं, एवढं लिहा. तारेच्या बाटल्यांच्या बुडाचा एक फोटोही टाका, बियरसाठीच्या आहेत की शोभेच्या याचा अंदाज काचेच्या जाडीवरून आणि बुडावरच्या छापावरून बऱ्याचदा येतो. तीन दिवसांनी दुसरं रीडिंग आलं की किती बाटल्या न्यायच्या ते ठरवू.